भाराखालचं दार

उमाबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले, तेव्हा कडूबाला आधी वाटलं, उन्हानं त्यांचं डोकं दुखत असावं. जालन्यातल्या वकिलांच्या बंगल्यामागं मोटार ठेवायची खोली होती. तिच्या पत्र्याच्या दारांना त्यानं नुकत्याच नव्या बिजागऱ्या बसवल्या होत्या, आणि दार एकदा पुरतं उघडून, एकदा पुरतं मिटून, "झालं बाई," असं म्हणून तो हात पुसत होता. वकिलांची ही सून ओसरीवरून काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले त्याला दिसले. त्यानं सवयीनं मान डोलावली. मग ती पायऱ्या उतरून जवळ आली. "अहो मिस्त्री, झालं काय म्हणता? केवढं किंचाळतंय ते! आत बाळ दचकून उठलं." कडूबानं दाराकडं पाहिलं. दार गप्प होतं. त्यानं ते हळूच ओढलं, पुन्हा लोटलं, आणि या वेळी दाराकडं न पाहता तिच्याकडं पाहिलं. दार सरकलं तसा तिचा चेहरा आवळला, डोळे बारीक झाले, खांदे वर आले. दार थांबलं तशी ती सैल पडली. म्हणजे दार ओरडत होतं. त्याच्या हातातून, त्याच्यापासून वीतभर अंतरावर ओरडत होतं, आणि तो आवाज त्याला एका परक्या बाईच्या चेहऱ्यावर दिसला होता. "नवी बिजागरी हाय, जरा तेल मागती," तो म्हणाला. एरंडेलाची बाटली काढताना त्याच्या लक्षात आलं की स्वतःचा आवाज मात्र त्याला डोक्यात घागर घुमावी तसा मोठा ऐकू येतोय, आणि त्यानंच तो जास्त घाबरला.

घरी जाताना तो रोजच्या रस्त्यानं गेला नाही. जिनिंगच्या मागच्या बाजूनं गेला. तिथं हंगामात यंत्रांचा असा गोंगाट असायचा की कुणालाच काही ऐकू येत नसे. पण हंगाम कधीच संपला होता. मोकळ्या आवारात सरकीचे दोन ढीग आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. दोन्ही कानांत कुणी कापूस कोंबलाय, सरकीसकट, असं त्याला वाटलं. हे आजचं नाही, हेही त्याला चालता चालता कळत गेलं. गेल्या दिवाळीपासून टांगेवाले त्याच्या अगदी अंगावर येऊन लगाम खेचायचे आणि शिव्या द्यायचे. देवळातली घंटा लांब गेल्यासारखी झाली होती. बायको, सगुणाबाई, हल्ली ताट वाढून समोर येऊन उभी राहायची. या सगळ्या गोष्टी त्यानं पाहिल्या होत्या आणि एकाही गोष्टीशी दुसरी जोडली नव्हती. सुताराला सांधे जोडता येत नाहीत, असं त्याच्या मनात आलं.

तसा तो जातीचा सुतार नव्हताच. तीर्थपुरीच्या कुणब्याच्या घरचा. त्याच्या आधीची तीन लेकरं पाळण्यात गेली म्हणून आईनं याला कडूबा म्हटलं. कडू जिन्नस मरणाला गोड लागत नाही म्हणे. विसाव्या वर्षी तो जालन्याला आला, आणि गफूर उस्तादांच्या कारखान्यात शिरला तो त्यांचे हात पाहून. उस्ताद बग्गीखान्यांची दारं करीत, आणि शहरात मोटारी आल्या तशी मोटारखान्यांची. डोळ्यांत फूल पडलेलं, एक डोळा जवळजवळ गेलेला. ते दाराला कान लावून उभे राहायचे, दोन बोटांनी टकटक करायचे आणि सांगायचे, तिसरी फळी आतून कुजली आहे. "आँखां झूट बोलते, कडू," ते म्हणायचे. "दरवाजा झूट नै बोलता. कान लगा." त्यानं कान लावला, आणि पंचवीस वर्षं लावून ठेवला. जाफराबादेत काळ्या मातीवर उभं असलेलं सावकाराचं घर होतं. तिथली जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटायची, पावसाळ्यात फुगायची, आणि मोटारखान्याचं दार वर्षातून दोनदा वाकडं व्हायचं. त्याचा आवाज दाताखाली खडा यावा तसा. जालन्यातल्या दगडी बंगल्यांचे पत्रे दुपारच्या उन्हात ताणले जाऊन तडतडायचे आणि संध्याकाळी आपोआप सैल व्हायचे. गोदेकाठच्या गावांत सागवान ओल पिऊन जड व्हायचं आणि दार घसा बसलेल्या माणसासारखं बोलायचं. कोणत्या मातीवर, कोणत्या महिन्यात, कोणतं लाकूड काय म्हणतं, हे त्याच्या कानात साठलं होतं. कागदावर काही नव्हतं. उस्ताद गेले तेव्हा त्यांची हत्यारं मुलांनी वाटून घेतली, आणि कडूबाला वाटलं होतं की खरा ऐवज आपल्याकडंच आलाय, कुणाला दिसत नाही अशा जागी. आता त्या जागेला बाहेरून कुणीतरी कडी घातली होती.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. आधी लसणाचं तेल कोमट करून घातलं, मग हकिमाच्या पुड्या. सगुणाबाईला म्हणाला, सर्दी उतरलीय. लोक बोलत तेव्हा तो त्यांच्या तोंडाकडं पाहू लागला, आणि हसले की हसू लागला. कामं निवडून घ्यायला लागला. कडी बसवणं, फळी बदलणं, जिथं डोळ्यांवर भागेल तेवढीच. दार कुरकुरतं, अडतं, का ते कळत नाही, असं कुणी म्हणालं की तो म्हणे, सध्या हाताला सवड न्हाई. हळूहळू लोक दुसऱ्या मिस्त्रीकडं जाऊ लागले. तो दुकानाच्या फळीवर बसून रंध्याच्या पात्याला धार लावीत राही. नको इतकी धार. कधी वाटायचं, हे मरणच आहे, फक्त सावकाश येणारं. कधी चोरी पकडली जाण्याची भीती वाटायची, आणि चोरी कशाची केली तेच आठवायचं नाही.

मृगाला आठच दिवस राहिले होते तेव्हा शहागडहून काकासाहेबांचा ड्रायव्हर जगन्नाथ आला. बैलगाडीनं अंबड, तिथून सर्व्हिस मोटारीनं जालना. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. काकासाहेब म्हणजे गोदेकाठचे मोठे जमीनदार. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मळ्यातल्या घराशेजारी नवा मोटारखाना बांधला होता, अकरा फूट रुंदीचा, आणि त्याला एकच मोठं सागवानी दार, आतल्या बाजूनं, जमिनीतल्या लोखंडी रुळावर चाकांनी सरकणारं. ते दार तीन दिवसांपासून बंद पडलं होतं, आणि मोटार आत. "दोघा सुतारांनी कडा तासल्या, मिस्त्री. तसूभर सरकत न्हाई," जगन्नाथ जवळ वाकून मोठ्यानं बोलत होता, मोटारीवाल्यांना मोठ्यानं बोलायची सवयच असते. "ताईसाहेबाला परवा सकाळी हैदराबादेत हजर व्हायचंय, डॉक्टरीच्या शाळेत. उद्या दिवेलागणीची गाडी जालन्याहून धरली तरच. बैलगाडी अन् सर्व्हिस मोटारीच्या भरवशावर ते होत न्हाई. काकासाहेब म्हनले, गफूर मिस्त्रीचा चेला घिऊन ये." कडूबा नाहीच म्हणणार होता. नाही म्हणायला त्यानं तोंडही उघडलं. पण जगन्नाथनं उस्तादांचं नाव घेतलं होतं, आणि त्या नावापुढं त्याला खोटं बोलता येईना. "चला," तो म्हणाला, आणि त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. सकाळी उजाडताच तो दारापुढं उभा राहिला. मागं सगळं घर जमलं होतं. काकासाहेब, उंच, पांढऱ्या मिशांचे, घड्याळाची साखळी बोटाला गुंडाळीत. त्यांची मुलगी प्रेमला, अठरा-एकोणीस वर्षांची, प्रवासाचं लुगडं नेसून तयार, तिथलं शिकवणं उर्दूत म्हणून गावच्या मास्तरांकडून तीन वर्षं उर्दू शिकून हैदराबादेसाठी सज्ज झालेली. आणि ओसरीच्या कडेला काकासाहेबांची विधवा बहीण दुर्गाबाई. तिनं दाराला रात्रीच हळदकुंकू वाहिलं होतं. ती पुढं येऊन जे बोलली ते तिच्या हातवाऱ्यांवरून कळावं असंच होतं: "वास्तूच पोरीला सोडीत न्हाई. घर नको म्हनतंय, अन् तुम्ही पहारी लावून ऱ्हायले." खरंच दोन गडी पहारी घेऊन बाजूला उभे होते. काकासाहेबांनी कडूबाला खूण केली: पाहा लवकर, नाहीतर फोडतो.

त्यानं पाहिलं. कडा तासून तासून दोन्ही सुतारांनी दाराला बाजूंनी बोटभर फट पाडली होती. ओलीनं लाकूड फुगलं, असं ते म्हणाले होते. गोदेकाठ आहे, खरंही वाटावं. पण त्यानं नदीकडं मान वळवली. पात्राच्या कडेनं पांढरी वाळू तापायला लागली होती, आणि मळ्यातल्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, जाफराबादेत पडतात तशाच. ज्येष्ठात सागवान आक्रसतं. आक्रसलेलं दार अडतं कसं? त्यानं दाराला कान लावला. बोटांनी टकटक केली. काहीच नाही. बोटांना लाकूड लागत होतं आणि आत तोच कापूस, तीच शांतता. जुन्या सवयीनं त्यानं दुसरा कान लावला. काही नाही. पाठीवर सगळ्यांचे डोळे होते, घड्याळ होतं, पहारी होत्या. त्याला वाटलं, आता वळून सांगावं, फोडा. म्हणजे सगळं एकदाचं संपेल, दारही आणि आपणही. आणि दमलेला माणूस टेकतो तसं त्यानं कपाळ दारावर टेकलं. हात सवयीनं टकटक करीतच होता.

ठण्ण.

तो दचकला. कपाळ उचललं, शांतता. पुन्हा टेकलं, पुन्हा ठोकलं. बारीक, लांबून, पण आलं. कानातून नाही, कवटीतून, दातांच्या मुळांतून. स्वतःचा आवाज डोक्यात घागरीसारखा घुमतो तो कुठून येत होता, हे त्याला आत्ता कळलं. वाट एकच नव्हती. त्यानं घाईघाईनं पिशवीतून लांब पेचकस काढला, त्याचं टोक दारावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. हातोडीनं हलकेच ठोकलं. आणि दार बोललं. आठ महिन्यांनी कुणीतरी त्याच्याशी बोललं. सागवानाचा तो भरीव, थोडा गोडसर नाद जबड्यातून वर चढत डोळ्यांमागं पसरला, आणि त्याला डोळे मिटावे लागले, कारण ते भरून आले होते. उस्तादांच्या कारखान्यातल्या भुशाचा वास त्याला आला. तो वास तिथं नव्हता, तरी आला. मग तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं सरकू लागला, ठोकीत, ऐकीत. घराच्या बाजूला दार मोकळं घुमत होतं. मध्यावर आवाज आखडत गेला. नदीच्या बाजूला तो मेला. तिथं ठोकलं तर नुसतं धप्प, डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालाला हाक मारावी तसं. त्या टोकाच्या फळ्यांना बोलायला उसंतच नव्हती.

त्यानं पिशवीतून ओळंबा काढून नदीकडच्या खांबाला लावला. खांब कलून खचला होता. थोडाच, पण पुरेसा. काळी माती वाळून आत गेली, खांब बसला, खांबावरची तुळई त्या टोकाला उतरली, आणि तिच्यावरची सगळी भिंत दाराच्या माथ्यावर येऊन बसली. दार अडलं नव्हतं. दार भिंत पेलून उभं होतं.

वळून पाहतो तर गडी पहारी घेऊन पुढं आले होते. काकासाहेबांचा धीर सुटला होता, आणि मागून त्यांनी तीनदा हाका मारल्या होत्या, हे त्याला नंतर कळलं. कडूबा दोन्ही हात पसरून दाराला पाठ लावून उभा राहिला. काकासाहेब रागानं काही बोलले. त्याला ओठ वाचता आले नाहीत, मिशा आड आल्या. तेव्हा प्रेमला पुढं झाली आणि त्याच्या समोर उभी राहून सावकाश म्हणाली, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

सगळं अंगण त्याच्याकडं पाहत होतं. इतके दिवस या एका प्रश्नापासून तो पळत होता, आणि प्रश्न विचारणाऱ्या पोरीच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, नुसती चौकशी होती. "न्हाई," तो म्हणाला. "दिवाळीपासून न्हाई येत."

काकासाहेब जवळ येऊन ओरडले, ते मात्र त्याला अंधुक कळलं. "जगन्नाथ, बहिरा मिस्त्री आणलास? लाव रे पहार!"

"कान माझे गेले, काकासाहेब. दाराचे न्हाई गेले." आपण एवढ्या मोठ्यानं बोलू शकतो हे त्याला माहीत नव्हतं. "ह्या दारावर तुमची भिंत बसून राह्यली हाय. दार फोडलं तर अख्खी भिंत मोटारीवर अन् ह्या दोन गड्यांच्या टाळक्यावर येईल. बिलकुल हात लावू नका."

गडी दोन पावलं मागं सरकले. काकासाहेब दाराकडं, मग मिस्त्रीकडं पाहत राहिले. त्यांना विश्वास वाटेना, हे दिसत होतं. कडूबानं पेचकसाची मूठ धोतरानं पुसली आणि ती प्रेमलापुढं धरली. "ताईसाहेब, कान झाका, अन् ही दातात धरा." आत्या काहीतरी म्हणाली, पण मुलीनं ती धरली, दोन्ही कानांत बोटं घातली. त्यानं घराच्या बाजूला ठोकलं. तिच्या भुवया वर गेल्या. त्यानं नदीच्या बाजूला ठोकलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा ठोका अशी खूण केली, मग पुन्हा एकदा. मूठ दातांतून काढून ती वडिलांकडं वळली. तिचे ओठ कडूबाला स्पष्ट वाचता आले: "बाबा, इकडं घुमतंय, तिकडं मुकं आहे. ते बरोबर सांगतायत. त्यांना काय पाहिजे ते द्या."

मग सगळं भराभर झालं. बाभळीच्या दोन जाड बल्ल्या आल्या, खाली टेकायला चपटा दगड आला. नदीकडच्या टोकाला, बाहेरच्या अंगानं, तुळईखाली त्यानं दोन्ही बल्ल्या उभ्या केल्या. दुसऱ्या बाजूनं मोटार निघायला जागा भरपूर होती. पाचरी त्यानं स्वतः तासल्या, लांब उताराच्या, आणि दोन गड्यांना दोन बाजूंना बसवून सांगितलं, मी हात खाली केला की एक ठोका, दोघांचा बराबर, जास्ती न्हाई. स्वतः मूठ दातांत धरून दारापाशी उभा राहिला. हात खाली. ठोका. दार मुकंच. हात खाली. ठोका. सूर्य वर चढला. चुन्याची एक रेघ भिंतीवरून सुटून त्याच्या खांद्यावर पडली, कुणीतरी किंचाळलं असावं, कारण सगळे मागं झाले. तो हलला नाही. भिंत हलते ती आधी आत कण्हते, आणि ती कण्हत नव्हती. त्याला ते कळत होतं. जगात त्या घटकेला फक्त त्यालाच कळत होतं. सातव्या ठोक्याला फळ्यांच्या आत काहीतरी सुटलं. दोन दिवसांचं दुखणं उतरावं तसं मोठं, लांब काहीतरी. आणि मुक्या टोकाला बारीक नाद उमटला. आठव्याला तो वाढला. नवव्याला सगळं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत एका आवाजात घुमलं, आणि कडूबानं दोन्ही हात वर केले.

मूठ तोंडातून काढून त्यानं दाराला एका हाताचा तळवा लावला आणि ढकललं. एका हातानं. तेवढं मोठं सागवानी दार रुळावरून गेलं, चाकं फिरली, आतला अंधार उजळत गेला, आणि मोटारीच्या दोन दिव्यांच्या काचांवर अंगणातलं ऊन आलं. माणसांची तोंडं उघडली होती, हात हवेत होते, गडी एकमेकांच्या पाठी थोपटत होते. तो आरडाओरडा त्याला पावसाळ्यात लांबच्या शेतातून येणाऱ्या हाकेएवढा ऐकू आला. पुरे होता.

ट्रंक चढली, जगन्नाथनं मोटार बाहेर काढली. प्रेमला आत्याच्या पाया पडली, वडिलांच्या पडली, आणि मग कुणाला काही कळायच्या आत कडूबाच्याही पडली. तो मागं सरकला. "अहो, काय हे!" ती समोर उभी राहून, प्रत्येक शब्द नीट उच्चारीत म्हणाली, "तिथं शिकवतील तेव्हा मी पहिल्यांदा कानाचंच विचारणार आहे." मोटार मळ्याच्या रस्त्याला लागली, धूळ उठली, धूळ अंबडच्या बाजूला गेली.

काकासाहेबांनी त्याला खांब पायापासून नवा उचलेपर्यंत राहायला सांगितलं. सांगितलं ते समोर येऊन, तोंड त्याच्याकडं करून. तो बल्ल्यांना आडवी फळी ठोकीत होता तेव्हा दुर्गाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. तांब्या पुढं करून, इकडंतिकडं बघत, पदर तोंडाशी धरून ती खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटली. कालची गोष्ट असती तर कडूबानं आठ महिन्यांच्या सवयीनं मान डोलावली असती आणि हसला असता. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"आत्याबाई, मोठ्यानं बोला. बहिरा हाय मी."

ती गोंधळली. ओसरीवरच्या बायका बघायला लागल्या. काकासाहेबांनी वळून पाहिलं. तिनं पदर तोंडावरून काढला, एकदा रस्त्याकडं पाहिलं, जिथं आता धूळही राहिली नव्हती, आणि छाती भरून, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"लई बेस केलंत म्हनलं! गेली पोरगी, चांगलं झालं!"

"हां," कडूबा म्हणाला. "आता आलं ऐकू." आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला.